सदतीसचा पाढा

मलकापूरच्या ज्या रुग्णालयात माझी सगळी नोकरी झाली, तिथं अजूनही एक रीत पाळली जाते. आयोडीनचं औषध मोजून झालं की देणाऱ्यानं रोग्याकडं तोंड करून मोठ्यानं म्हणायचं, "दहा मिलिक्युरी, म्हणजे तीनशे सत्तर मेगाबेक्वेरेल. दोन्ही एकच." शेवटचे दोन शब्द कुणी गिळले तर दुसरा कुणीतरी त्याला टोकतोच. नव्यानं रुजू होणाऱ्या पोरापोरींना वाटतं, हा वरून आलेला नियम असणार. तसं काही नाही. ही रीत मी घातली, आणि मी निवृत्त झाल्यावरही ती टिकून आहे याचा मला अभिमान आहे. लपवायचं कशाला? रोहिणखेडच्या एका अंगणात ठिबकची काळी नळी आडवी पसरलेली होती, तिच्यामुळं ही रीत आली. ती नळी मी पाहिली नसती तर मीही जन्मभर नुसतं "दहा" म्हणत राहिले असते.

पण आधी माझ्या कामाबद्दल सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. मी न्यूक्लिअर मेडिसिनच्या खात्यात टेक्निशियन होते. हे नाव आमच्याकडं कुणाच्या तोंडी बसलं नाही. लोक त्याला "किरणाचं खातं" म्हणत. गळ्यातली थायरॉइडची गाठ ज्यांच्या अंगात नको तेवढं काम करते, त्यांचं वजन उतरतं, हात थरथरतात, छाती धडधडते, डोळे बटबटीत दिसतात. अशांना किरणोत्सारी आयोडीन पाजतात. दिसायला पाणी, चवीलाही पाणीच. ते थेट गळ्यातल्या त्या गाठीत जाऊन बसतं आणि तिची मस्ती उतरवतं. एवढ्या घोटभर पाण्यानं माणूस बरा होतो, हे बघायला मिळणारी नोकरी किती जणांना मिळते?

आता हे पाणी मोजायचं कसं? चमच्यानं उपयोग नाही. त्यातले किती अणू दर सेकंदाला फुटतायत, ते मोजावं लागतं. आमच्याकडं त्यासाठी एक यंत्र होतं, मध्ये खोल भोक असलेलं. आम्ही त्याला विहीर म्हणायचो. औषधाची कुपी विहिरीत सोडली की वर आकडा उमटायचा. हा आकडा दोन मापांत सांगता येतो. जुनं माप क्युरी. एक ग्रॅम रेडियम सेकंदाला जेवढं फुटतं, तेवढं म्हणजे एक क्युरी, आणि ते अफाट असतं. नवं माप बेक्वेरेल. सेकंदाला एक अणू फुटला की एक बेक्वेरेल. थोडक्यात, जुनं माप खंडीचं आणि नवं दाण्याचं. रोजच्या व्यवहाराला एक थोर आणि दुसरं बारीक, म्हणून आम्ही क्युरीचा हजारावा भाग घेतो, त्याला मिलिक्युरी म्हणतात. आणि बेक्वेरेल दहा दहा लाखांच्या ढिगानं मोजतो, त्याला मेगाबेक्वेरेल म्हणतात. एका मिलिक्युरीत असे सदतीस ढीग बसतात. पस्तीस नाही, चाळीस नाही, सदतीस. कोणत्या देवाला हा आकडा सुचला कोण जाणे, पण मला तो आवडून गेला. सदतीस, चौऱ्याहत्तर, एकशे अकरा, एकशे अठ्ठेचाळीस. तिसऱ्या घराला तीन एक्के येतात, सहाव्याला तीन दुवे, नवव्याला तीन तिये. असा नखरेल पाढा शाळेत कुणी शिकवला नाही. मी भाकरी थापता थापता तो पाठ केला.

मोजण्याचं वेड मला घरातूनच आलं. माझे वडील मलकापूरच्या धान्य बाजारात मापारी होते. हाळीचा आवाज असा की पार रस्त्यावर ऐकू जायचा. पहिलं माप पडलं की ते "एक" म्हणत नसत. "लाभ" म्हणत. लाभ, दोन, तीन, चार. शेजारच्या काट्यावरचे चाचा "बरकत" म्हणायचे. धान्याच्या पहिल्या मापाला एक म्हणणं अशुभ, एवढंच त्यामागचं शास्त्र. पण वडिलांच्या दोन सवयी मी उचलल्या त्या शुभाशुभाच्या नव्हत्या. पहिली, माल चढवायच्या आधी रिकामं पारडं सगळ्यांना दाखवायचं. दुसरी, आकडा एकट्यानं बोलायचा नाही, कशाचा ते त्याच्या जोडीला बोलायचं. मी शाळेतून येऊन "बाबा, मले चाळीस भेटले" म्हटलं की ते म्हणत, "चाळीस काय? आंबे की मार्क? आन् कितीपैकी?"

आमच्या औषधाची एक खोड होती. ते पडल्या पडल्या कमी होतं. आठ दिवसांत अर्धं, आणखी आठ दिवसांत अर्ध्याचं अर्धं. मुंबईहून गाडी निघाली की वाटेतच आटायला सुरुवात. हायवेला कुठं ट्रक उलटला, घाटात गाड्या तुंबल्या, की आमचा जीव टांगणीला. एकदा मलकापुरातल्याच एका जिनिंगवाल्या शेटजींचा डोस अशा कारणानं लांबला. कुपी विहिरीत सोडली तर ठरल्यापेक्षा कमी भरली. डॉक्टर म्हणाले, पुढच्या खेपेला देऊ. शेटजी खवळले. "बाटली सीलबंद हाय, बूच शाबूत हाय, मंग माल गेला कुठं? वाटेत कोणी हात मारला का?"

मी त्यांना सांगितलं, चोरी नाही, ते आपोआप आटतं. ते ऐकेनात. शेवटी मी विचारलं, "शेटजी, ओला कापूस गोदामात टाकला की महिन्यानं तेवढाच भरतो का?"

"नाई भरत. घट येते."

"ही तीच घट. फक्त ही कधी चुकत नाही. कोणत्या घटकेला किती राहील, ते मी आत्ता कागदावर मांडून देते."

शेटजींचा चेहरा उजळला. "मंग घट धरूनच माल मांगवत जा ना बाई! काऊन गरिबाले तंगवता?" आम्ही घट धरूनच मागवायचो, फक्त उलटलेल्या ट्रकची घट धरलेली नव्हती. त्या दिवसापासून शेटजी माझे शिष्य झाले. त्यांचा डोस झाल्यावर भेटायला यायचे ते "आज किती घट?" असं विचारतच. चांगले गुबगुबीत झाले बिचारे.

आमची विहीर जुनी होती आणि क्युरीतच बोलायची. डॉक्टर दहा लिहायचे, मी दहा मोजायची, रोग्याला दहा सांगायची. मोठ्या शहरांतली यंत्रं तोवर बेक्वेरेलवर गेली होती. मला ते माहीत होतं, कारण सरकारी तक्ते आम्ही नव्या मापातच भरायचो. पण तक्ता कपाटात राहतो आणि रोगी गावात जातो. एका गावातले दोन रोगी दोन दवाखान्यांतून दोन आकडे घेऊन परतले तर काय होईल, हा विचार माझ्या मनात कधी आला नव्हता. कुणाच्याच आला नव्हता.

गुढीपाडव्याच्या आसपासची गोष्ट. रोहिणखेडची सुमनबाई तपासणीला आली होती. शिवणकाम करणारी, बोलकी, आमचाच दहाचा डोस घेऊन बरी झालेली. तिचं रक्त घेता घेता मी सहज विचारलं, गावाकडं काय चाललंय.

"माह्यं चांगलं हाय ताई. पन आमच्या शेजारच्या रेखाचं लय वाईट झालं. तिले माह्यासारखाच आजार. माहेराकडच्या मोठ्या दवाखान्यात गेल्ती दिवाळीत. मले तुमी दहा देल्ले, तिले त्याह्यनं तीनशे सत्तर देल्ले."

मी मोठ्यानं हसले. "अगं, ते दहाच."

सुमनबाई हसली नाही. "तिनं सोता पाह्यलं ताई, मशीनवर. तीनशे सत्तर. दिवाळीपासून ती कांदाचाळीत राहून राह्यली. तिची पोट्टी चार वर्षाची. मायले हात लावला नाई तिनं तवापासून."

मी सुई बाजूला ठेवली. आम्ही सांगतो, डोस घेतल्यावर पंधरवडाभर लहान लेकरांपासून लांब राहा, कडेवर घेऊ नका, जवळ निजवू नका. त्या दवाखान्यानंही तेच सांगितलं असणार. दिवाळी होऊन गुढीपाडवा आला होता. माझा हसरा चेहरा मलाच लाज वाटावी असा झाला असेल.

"तिला ठेवलं कुणी तिथं? नवऱ्यानं?"

"नाई. सासऱ्यानं. पन ताई, सासरा वाईट नाई हो. भिकाजीआबा. सासू नाई घरात, तर सोता स्वयपाक करून तिचं ताट वाढतात. त्याह्यनं हिशोब केला. माह्या दहाले पंधरा दिवस, त तीनशे सत्तरले किती? सदतीस पंधरवडे. दीड वर्साच्या वर. ही आखाजी नाई, पुढची आखाजी."

त्रैराशिक! जुनी चौथी शिकलेल्या माणसानं मांडलेलं बिनचूक त्रैराशिक. मला त्या म्हाताऱ्याचा राग यायला हवा होता, पण आला नाही. कुणीतरी आमच्या सदतीसच्या पाढ्यापर्यंत स्वतःच्या बुद्धीनं पोचला होता आणि त्याच पाढ्यानं त्यानं एका आईला कोंडलं होतं. मी विचारलं, फोन करून समजावू का? सुमनबाई म्हणाली, उपयोग नाही. आबांनी त्या दवाखान्यात फोन लावला होता. तिकडून उत्तर आलं, काळजी करू नका. त्यावर आबा म्हणाले होते, "काळजी करू नका, हे काई माप व्हय काय?"

हे ऐकलं आणि मी ठरवलं, या माणसाकडं मापच घेऊन जायचं.

डॉक्टरसाहेबांची परवानगी काढून मी कपाटातलं जुनं मीटर घेतलं. किरण आला की टक्कन वाजणारं. नवं मीटर मुकं होतं, नुसते आकडे दाखवायचं, आणि या प्रकरणात आकड्यांनी आधीच पुरता घोळ केला होता. दुसऱ्या दिवशी सुमनबाईला गाडीत घेऊन मोताळ्यावरून रोहिणखेडला पोचले. जुन्या मशिदीच्या अंगानं पुढं गेलं की वांग्या-टमाट्यांचे मळे लागतात, त्यातलाच एक आबांचा. रेखाचा नवरा भाजीची गाडी घेऊन बाजाराला गेलेला. अंगणात पाच-सहा शेजारी आधीच जमलेले, कारण सुमनबाईनं फोनवरून सगळीकडं वर्दी दिली होती.

अंगणाच्या अलीकडं घर, पलीकडं कांदे साठवायची कांदाचाळ. आणि बरोबर मधोमध, या कुंपणापासून त्या कुंपणापर्यंत, ठिबकची काळी नळी पसरलेली. नळीच्या अलीकडं एक परकर घातलेली पोर उकिडवी बसली होती. पलीकडं चाळीच्या दारात रेखा. दोघींचं काहीतरी बोलणं चाललं होतं, बालवाडीत कुणी कुणाला चिमटा काढला त्याबद्दल. बोलता बोलता पोरीनं हात पुढं केला आणि नळीच्या जवळ येताच आपोआप मागं घेतला. कुणी ओरडलं नाही, कुणी डोळे वटारले नाहीत. तिला सवयच झाली होती. मी किती रोगी पाहिले, किती मरणं पाहिली, पण तो मागं आलेला हात मला अजून दिसतो.

भिकाजीआबा धोतर-सदऱ्यातले, ताठ, काटक. मला पाणी दिलं, खाट टाकली आणि सरळ मुद्द्यावर आले. "बाई, तुमी मले समजावाले आल्या असान त आधी सांगतो, समजावनं लय झालं. सुनेवर माहा राग नाई. लेकरू लहान हाय म्हनून हे सारं. हिशोबात चूक असन त दाखवा."

"हिशोबात चूक नाही आबा. माप वेगळं आहे." मी त्यांना सांगितलं, सुमनबाईचे दहा जुन्या मापाचे आणि रेखाचे तीनशे सत्तर नव्या मापाचे. "एका जुन्यात सदतीस नवे बसतात. सदतीस दाहे?"

"तीनशे सत्तर," आबा पटकन म्हणाले, आणि थांबले. "म्हंजे दोघीले सारखंच?"

"सारखंच."

"मंग दोन मापं काऊन ठेवता बे तुमी लोकं?" हा प्रश्न त्यांनी माझ्याकडं बघून नाही, आभाळाकडं बघून विचारला.  मग ते म्हणाले, "तुमी म्हनता ते खरं असन. पन तोंडी हिशोब मीबी केल्ता. मोजून दाखवा."

मला तेच हवं होतं. मीटर सुरू केलं. अंगणात टक... टक टक... टक असा संथ आवाज यायला लागला. शेजारी दोन पावलं मागं सरकले. मी सांगितलं, हे रोजचंच आहे, मातीतून येतं, आभाळातून येतं, मलकापुरात येतं, देवळात येतं. आबांनी मनगटावरचं घड्याळ डोळ्यांशी धरून मिनिटभर मोजलं. विसेक भरले. ते त्यांनी दोनदा स्वतःशी म्हटलं.

मग मी नळी ओलांडून चाळीत गेले. रेखा खाटेवर बसली होती. गळ्याचा फुगवटा उतरलेला, अंगावर थोडं मांस चढलेलं, हात स्थिर. औषधानं आपलं काम चोख केलं होतं. मी मनातल्या मनात खूश होत मीटर तिच्या गळ्याजवळ नेलं.

टक टक टक टक टक.

आवाज दुप्पट झाला. बाहेरून कुणीतरी "अरे बापा" म्हटलं. रेखानं माझ्याकडं पाहिलं आणि तिचे डोळे भरून आले. आबा दारात उभे होते. त्यांनी नुसती मान खाली घातली. त्यात "मी सांगत होतो" असा तोरा नव्हता, आणि त्यामुळंच मला जास्त धसका बसला.  दिवाळीचं आयोडीन पाडव्याला गळ्यात उरणं शक्यच नव्हतं. इतक्या दिवसांत ते अर्ध्याचं अर्धं होत होत पार संपलेलं असणार. माझं सगळं शिक्षण एक सांगत होतं आणि माझंच मीटर दुसरं सांगत होतं. सगळा गाव बघत असताना.

अशा वेळी माणसाला काय आठवेल याचा नेम नाही. मला वडील आठवले, रिकामं पारडं वर उचलून चारी बाजूंना दाखवणारे. मी अंगणातलं रिकामं पारडं दाखवलं होतं, चाळीतलं नाही. काटा हलवला की पारडं पुन्हा बघावं लागतं.

"रेखा," मी म्हटलं, "तू जरा बाहेर जाऊन अंगणात बस."

ती नळी न ओलांडता, पण चाळीपासून लांब जाऊन बसली. चाळीत मी एकटी. मीटर खाटेवरच ठेवलं. टक टक टक टक टक. खाट रिकामी आणि आवाज तोच! मी मीटर उशाकडं सरकवलं, आवाज वाढला. उशाला ताडपत्रीखाली काहीतरी रचलेलं होतं. ताडपत्री उचलली तर खताच्या गोण्या. एकेका गोणीला मीटर लावत गेले. युरियाजवळ आवाज संथ झाला. सुपर फॉस्फेटजवळ जरासा वाढला. लालसर पोटॅशच्या गोण्यांना लावलं आणि मीटर तडतडायला लागलं.

मला इतकं हसू आलं की मी गोणीवरच बसले. आबा धावत आत आले. "काय झालं बाई?"

"आबा, तुमची सून स्वच्छ आहे. वाजतंय ते तुमचं पोटॅश."

सगळ्या पोटॅशमध्ये जन्मतःच थोडे किरण असतात. धरणीनं घातलेले. ते इतके थोडे असतात की त्यांनी कुणाचं काही बिघडत नाही. केळ्यात असतात, वांग्यात असतात, तुमच्या-आमच्या रक्तात असतात. आम्ही कधी कधी मीटर चालू आहे की नाही ते पोटॅशवरच तपासायचो, आणि तरी मला तिथं चटकन सुचलं नव्हतं. मी आबांना हे सांगितलं. पण आबांसारखा माणूस सांगण्यावर विश्वास ठेवेल तर ना. त्यांनी स्वतः एक गोणी पाठीवर घेतली, अंगणाच्या कोपऱ्यात नेऊन टाकली आणि म्हणाले, "लावा इथं." मी लावलं. मीटर तडतडलं. "आता तिथून हटवा." हटवलं. संथ झालं. "आता सूनबाईले लावा."

मी रेखाच्या गळ्याला मीटर लावलं. टक... टक टक... टक. आबांनी घड्याळ डोळ्यांशी धरलं. मिनिट भरलं. विसेक. अंगणाला होतं तेवढंच.

"म्हंजे," आबा हळूहळू म्हणाले, "पोट्टीले जिच्यापासून वाचवलं तिच्यात काई नाई. आन् जे हाय ते मीच आनून तिच्या उशाले रचलं."

"त्यानंही काही होत नाही आबा. खरंच काही नाही."

"तसं नाई म्हनत मी." ते खाली बसले. मग त्यांनी विचारलं, आणि मला त्यांचं कौतुक वाटलं, "बरं, समजा खरंच सदतीस पट असते, त मंग सदतीस पंधरवडे बराबर होते का नाई?"

"नाही. हे आठ दिवसांत अर्धं होतं. सदतीस पट असतं तर पाच-सहा वेळा अर्धं करायचं. दीडेक महिना जास्तीचा. त्रैराशिक इथं चालत नाही."

आबांनी बोटांवर अर्धं केलं, त्याचं अर्धं केलं, पुन्हा अर्धं केलं. पाचव्या बोटाला थांबले.  "दीड महिना," ते म्हणाले. "तरीबी पौषातच मोकळी झाली असती." आणि तो ताठ म्हातारा सगळ्यांसमोर पंच्यात तोंड घालून रडला.  रेखाच म्हणाली, "आबा, तुमी कमी नाई केलं. ताट तुमी वाढलं. दुसऱ्या कोनी माहेरीच धाडलं असतं."

मी पोरीकडं पाहिलं. ती अजून नळीच्या अलीकडंच उकिडवी बसलेली. मी म्हटलं, "जा बाळ, आईकडं जा." ती उठली, नळीपर्यंत आली आणि थांबली. सुमनबाईनं म्हटलं, शेजारणींनी म्हटलं, खुद्द रेखानं दोन्ही हात पसरून बोलावलं. पोर हलेना. पायाचा अंगठा नळीला लागेल एवढ्या अंतरावर उभी राहून ती आजोबांकडं बघत होती. नळी आजोबांनी टाकली होती, तेव्हा उचलायचीही त्यांनीच.

आबा उठले. कुंपणाशी जाऊन त्यांनी नळीचं टोक सोडवलं आणि ठिबकची नळी गुंडाळतात तशी, हाताच्या कोपरावरून वेढे घेत, अंगण ओलांडत आले. पोरीच्या पायाजवळची नळी सरकली, गेली. जमिनीवर तिच्या जागी नुसती एक फिकट रेघ राहिली. पोरीनं ती रेघ बघितली, मग आजोबांच्या हातातलं भेंडोळं बघितलं, आणि पळाली.

त्या दोघींचं मी वर्णन करणार नाही. मला ते जमणारही नाही.

थोड्या वेळानं मी निघायला उठले, तर आबा म्हणाले, "थांबा बाई. एक माप राह्यलं." रेखाच्या मांडीवर पोर बसली होती, तिनं आईच्या गळ्यात हात टाकलेले. आबांनी मीटरकडं बोट केलं. "दोघींचं एकत्र घ्या."

मी दोघींच्या मध्ये मीटर धरलं.  पहिला टक वाजला.

"एक!" पोर बालवाडीतल्यासारखी ओरडली.

"एक नाई माय," भिकाजीआबा घड्याळावरची नजर न काढता म्हणाले, "पह्यल्याले लाभ म्हनतात."

ती म्हणाली, "लाभ." आणि मग आम्ही सगळ्यांनी मिळून पुढचं मोजलं.